संघाचा धनी कोण?

२०१७ सालच्या मे महिन्याच्या २१ तारखेस हैदराबाद येथे इंडियन प्रीमियर लीगचा अंतिम सामना झाला. मुंबईच्या १२९ धावा झाल्या होत्या. पुण्याचा संघ १२८ पर्यंत पोहोचला आणि एका धावेने हरला. त्या एका धावेची हळहळ पुण्यात कित्येक दिवस पुरली. परंतु त्या हळहळीत एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी आली नाही. ती धाव निघाली असती, चषक पुण्यास आला असता, तरीही पुण्याचा तो संघ पुढल्या वर्षी मैदानावर दिसलाच नसता. चेन्नई व राजस्थान या दोन संघांवर दोन वर्षांची बंदी आली होती, ती जागा भरण्यापुरता पुण्याचा संघ उभा केला होता. करार संपला आणि संघ विसर्जित झाला. ज्या शहराच्या नावाने तो दोन वर्षे खेळला त्या शहरास कोणी विचारले नाही, आणि विचारले पाहिजे असे कोणास वाटलेही नाही.

आपला संघ हरू लागला की घरोघरी एकच प्रश्न निघतो. या मालकाला सामने जिंकावयाचे आहेत की पैसा जिंकावयाचा आहे? संतापलेला प्रेक्षक म्हणतो, पैसा. मालक मुलाखतीत सांगतो, विजय. दोघेही मालकाच्या अंतःकरणात डोकावून उत्तर देत असतात, आणि अंतःकरणाची साक्ष कोणत्याही न्यायासनापुढे टिकत नाही. हा वाद निकालात काढावयाचा तर मालकाची वही पाहिली पाहिजे. हरल्याने त्याचे काय बुडते, जिंकल्याने त्यास काय मिळते, आणि संघ मोडल्याने नुकसान कोणाचे होते, हे तीन प्रश्न विचारले की मनातले ओळखण्याची गरजच उरत नाही.

प्रथम हरण्याचा हिशेब पाहू. २००८ सालच्या जानेवारीत क्रिकेट नियामक मंडळाने आठ शहरांचे संघ लिलावात विकले. मुंबईचा संघ सर्वांत महाग, ११ कोटी १९ लाख डॉलरला गेला. राजस्थानचा सर्वांत स्वस्त, ६ कोटी ७० लाख डॉलरला. पहिल्याच वर्षी जिंकला तो स्वस्तातला राजस्थान. पैसा ओतला म्हणजे विजय हाती येतो या समजुतीस पहिल्या मोसमातच उत्तर मिळाले. परंतु हरलेल्या महाग संघांचे काही बिघडले का? मुळीच नाही. या स्पर्धेत तळाला राहिलेला संघ खालच्या श्रेणीत ढकलला जात नाही, कारण खालची श्रेणीच नाही. दार आतून बंद आहे. जो आत आहे तो शेवटून पहिला आला तरी पुढल्या वर्षी पहिल्या आलेल्याच्या शेजारी मानाने बसतो.

आता जिंकण्याचा हिशेब. २०२२ सालच्या जूनमध्ये या स्पर्धेचे पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांस विकले गेले. त्यांत भारतीय उपखंडातील दूरचित्रवाणीचा वाटा २३,५७५ कोटींचा, तर मोबाइल व इतर अंकीय माध्यमांचा २०,५०० कोटींचा होता. या प्रचंड रकमेतील मोठा हिस्सा संघांना मिळतो आणि त्याची वाटणी मुख्यतः समान असते. क्रमांकाप्रमाणे पडणारा फरक किरकोळ. स्पर्धा जिंकणाऱ्या संघास २०२५ साली जे बक्षीस होते ते २० कोटींचे. त्याच मोसमासाठी लखनौच्या मालकांनी ऋषभ पंत या एका खेळाडूस २७ कोटी मोजले होते. म्हणजे संपूर्ण स्पर्धा जिंकल्याचे इनाम एका फलंदाजाच्या किमतीएवढेही नाही. लखनौचा संघ त्या वर्षी सातवा आला. ज्या धंद्यात पहिला क्रमांक आणि सातवा क्रमांक यांच्या मिळकतीत एवढेच अंतर असते, त्या धंद्यात विजय ही हौस असू शकते, गरज असू शकत नाही.

बंगळूरच्या संघाने हे सतरा मोसम सिद्ध करून दाखविले. २००८ पासून २०२४ पर्यंत त्या संघास एकदाही विजेतेपद मिळाले नाही. तीन वेळा अंतिम सामन्यात तो हरला. पण या काळात त्याचे चाहते वाढले, जाहिराती वाढल्या आणि संघाची किंमत वाढली. विराट कोहली नावाचा खेळाडू त्या संघात होता आणि पैसा त्या नावावर येत होता. अखेर २०२५ च्या ३ जूनला अहमदाबादेस पंजाबला सहा धावांनी हरवून बंगळूरने करंडक उचलला. दुसऱ्या दिवशी बंगळुरात विजयोत्सवाच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ माणसे मेली. आणि नोव्हेंबरात संघाच्या मालक कंपनीने जाहीर केले की, मद्यव्यवसायाच्या दृष्टीने हा संघ आपल्या मुख्य कामाचा भाग नसल्यामुळे त्याचे पुढे काय करावयाचे याचा फेरविचार चालू आहे. बाजाराने त्याचा अर्थ एकच घेतला, की संघ विक्रीस निघाला. ज्या विजयासाठी माणसे अठरा वर्षे थांबली, त्या विजयानंतर पाच महिन्यांत मालकाच्या डोळ्यापुढे विजयी संघाची किंमत उभी होती.

अहमदाबादची कथा वेगळी नाही. २०२१ साली ५,६२५ कोटींना एका परदेशी गुंतवणूक संस्थेने तो संघ घेतला. पहिल्याच वर्षी, २०२२ मध्ये, तो जिंकला. दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत गेला. २०२५ साली त्यातील ६७ टक्के भाग टॉरेंट उद्योगसमूहाला विकण्यात आला. विजयाची उपेक्षा या मालकांनी केली, असे म्हणता येणार नाही. जिंकलेला संघ अधिक भावाने जातो, म्हणून जिंकणे त्यांनाही हवेच होते. शेतकरी बैलाला सजवितो ते पोळ्यालाही सजवितो आणि बाजारातही सजवितो. सजावट तीच असली तरी हेतू एक नसतो.

न्यायाची भाषा बोलावयाची तर मालकांच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. धनिकास विजयाची गोडी नसते असे म्हणणे खोटे आहे. मुंबईच्या संघाने २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदे मिळविली, ती काही केवळ जमाखर्चाच्या वहीतून उगवली नाहीत. त्यामागे खेळाडू हेरण्याची चिकाटी होती, प्रशिक्षकांवरचा खर्च होता, तरुणांवरचा भरवसा होता. पुण्याच्या त्या दोन वर्षांच्या संघाचा मालक तर मंडळाकडून वाटा घेण्याऐवजी आपणच वर्षाला १६ कोटी देऊ असे सांगून लिलावात उतरला होता. यात नफा कोठे होता? नफा त्या दोन वर्षांत नव्हता. तो पंगतीत बसावयास मिळण्यात होता. त्याच उद्योगसमूहाने २०२१ साली लखनौच्या संघासाठी ७,०९० कोटी मोजले. पुण्याचा मुक्काम ही लखनौच्या वाटेवरची एक धर्मशाळा ठरली.

या मुक्कामाआधी पुण्याने आणखी एक मालक पाहिला होता. २०१० च्या मार्चमध्ये सहारा समूहाने पुण्याचा संघ ३७ कोटी डॉलरला घेतला. त्या वेळचा तो विक्रम होता. बोली लावताना जितके सामने गृहीत धरले होते तितके मिळाले नाहीत, म्हणून मंडळाशी तंटा लागला. मैदानावरची स्थिती याहून वाईट होती. २०११ साली दहा संघांत नववा, २०१२ साली नऊ संघांत नववा, २०१३ साली नऊ संघांत आठवा. मे २०१३ मध्ये मंडळाने बँक हमी वटविली, मालकाने रागाने अंग काढून घेतले आणि ऑक्टोबरात संघ रद्द झाला. या संघाच्या शेवटास कारण झाले ते पैशाचे भांडण. हरण्यामुळे तो मोडला नाही, आणि त्याच्यामागून आलेला संघ जिंकण्याच्या उंबरठ्यावर पोहोचूनही वाचला नाही. एकाच शहराच्या या दोन अनुभवांतून जो निष्कर्ष निघतो त्यास आणखी पुराव्याची आवश्यकता नसावी.

तरी फुटबॉलकडे पाहावे. महिंद्र कंपनीचा फुटबॉल संघ १९६२ साली स्थापन झाला होता. २००५-०६ च्या मोसमात तो राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला, आणि २०१० साली कंपनीने तो बंद केला. पुण्यात पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला आणि पुढे तीन वर्षांच्या आत व्यावसायिक मैदानावरून नाहीसा झाला. शिवाजीयन्स २०१७ मध्ये थांबला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघास मिळाली. एका दशकात एका शहराचे तीन संघ गेले. मुंबई सिटी एफसीने २०२०-२१ मध्ये लीगची ढाल व चषक दोन्ही जिंकले, २०२२-२३ मध्ये पुन्हा ढाल आणि २०२३-२४ मध्ये पुन्हा चषक जिंकला. यापेक्षा अधिक यश भारतीय क्लबाने कोणते मिळवावयाचे? परंतु लीगचे भवितव्य अधांतरी झाले तेव्हा २०२५ च्या डिसेंबरात मँचेस्टरच्या सिटी फुटबॉल ग्रुपने आपला वाटा सोडला. कपाटातल्या चषकांनी त्यांचा पाय अडविला नाही.

पूर्वी असे नव्हते, पूर्वीचे धनी दिलदार होते, असे म्हणणारे वाचक पुष्कळ भेटतील. त्यांच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. इंदूरच्या होळकरांनी क्रिकेटसाठी खजिना मोकळा केला. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळा होळकर संघाने रणजी करंडक जिंकला. त्याचे नेतृत्व करणारे कर्नल सी. के. नायडू हे जन्माने आमच्या नागपूरचे. या संघातून महाराजांस एक पैचाही नफा व्हावयाचा नव्हता. त्यांस विजय आणि कीर्ती हवी होती. पण संस्थाने विलीन झाली, खजिना आटला आणि काही वर्षांतच होळकर संघाचे नाव स्पर्धेतून पुसले गेले. मालक केवळ विजयासाठी झुरणारा असला तरी संघ त्याच्या सावलीतच जगतो. सावली सरली की संघ सरतो. तेव्हा लोभी मालकाच्या जागी उदार मालक आणल्याने मूळ दुखणे बरे होत नाही.

मुंबईच्या कचेऱ्यांचे संघ त्या मानाने अधिक टिकाऊ ठरले. टाइम्स ढालीच्या सामन्यांत टाटा, मफतलाल, निरलॉन, स्टेट बँक यांचे संघ उतरत. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निरलॉनमध्ये, एकनाथ सोलकर आणि अशोक मांकड मफतलालमध्ये. कंपनीला नावलौकिक हवा होता आणि खेळाडूला नोकरी. या व्यवहारात कोणी करोडपती झाला नाही. परंतु गुडघा दुखावला तर दुसऱ्या दिवशी चूल विझेल ही धास्ती खेळाडूस नव्हती. पुढे गिरण्या बसल्या, कंपन्यांची चाल बदलली, आणि क्रीडाविभाग हा सर्वांत आधी कापावयाचा खर्च ठरला. तो व्यवहार आता परत यावयाचा नाही. पण खेळाडूच्या उद्याची सोय ही संघ चालविणाऱ्याची जबाबदारी आहे, एवढी जाणीव त्या काळाने ठेवली होती. ती गमावण्यासारखी नव्हती.

कबड्डी हा तर आमच्या मातीचा खेळ. २०१४ च्या जुलैत प्रो कबड्डी लीग सुरू झाली, आणि तिने या खेळावर उपकार केले हे मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू १२ लाख ८० हजारांचा होता. २०२३ मध्ये पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाखांवर रक्कम दिली. लंगोट कसून मातीत उतरणाऱ्या पोराच्या घामाला भाव आला, यात दुःख मानण्याचे कारण नाही. मात्र तो टायटन्स संघ त्या मोसमात शेवटचा आला आणि त्याचे आसन कायम राहिले. त्याच मोसमात, १ मार्च २०२४ रोजी, पुणेरी पलटणने हैदराबादेस विजेतेपद जिंकले. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार त्या संघाचा कर्णधार होता. दहा मोसम धीर धरणाऱ्या त्या संघचालकांचे अभिनंदन करावयास आम्हांस संकोच वाटत नाही. परंतु हेही लक्षात ठेवावे की, ही लीग चालविणाऱ्या संस्थेचा ७४ टक्के भाग २०१५ साली स्टार इंडिया या प्रक्षेपण कंपनीने घेतला. सामना दाखविणारा आणि सामना भरविणारा एकच झाला. अशा घरात खेळाचे वेळापत्रक खेळाडूच्या दमावर ठरेल की जाहिरातीच्या वेळेवर, याचे उत्तर ज्याने त्याने द्यावे.

येथे कोणी विचारील की, मोठ्या शहरांच्या या उलाढालीचा आमच्या वऱ्हाडाशी संबंध काय? संबंध फार जवळचा आहे. बुलढाणा जिल्ह्यात मेहकर तालुक्यातील जानेफळ हे गाव घ्या. या गावाच्या नावाचा संघ कोणत्याही लीगमध्ये नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मैदान पाहावयाचे तर नागपूरनजीक जामठ्यास जावे लागते. तरी जानेफळचा तरुण या धंद्याच्या बाहेर नाही. संध्याकाळी पारावर हातातल्या मोबाइलवर तो सामना पाहतो तेव्हा वर सांगितलेल्या २०,५०० कोटींत त्याच्या डोळ्यांची किंमतही धरलेली असते. मालकास उत्पन्न होते ते मुख्यत्वे या पाहणाऱ्याच्या वेळेचे. तिकीट न काढताही तो गिऱ्हाईक आहे. आणि गिऱ्हाईक असूनही त्याला दुकानात आवाज नाही. संघ कोणत्या शहरातून खेळावा, कर्णधार कोण असावा, संघ असावा की मोडावा, यांतले काहीच त्यास कोणी विचारीत नाही. त्याच्या गावात मात्र सपाट, राखलेले मैदान असेलच अशी खात्री नाही. पीक निघाल्यावर मोकळ्या झालेल्या रानात खेळावयाचे आणि पेरणी आली की खेळ आवरावयाचा, हा वऱ्हाडातल्या शेकडो गावांचा क्रम आहे.

मालकाविना संघ चालू शकतो का, असा प्रश्न आता पुढे येईल. त्याचे उत्तर वऱ्हाडाने आणि नागपूरने दिले आहे. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी करंडक खेळत आला. साठ वर्षे त्यास अंतिम सामनाही पाहावयास मिळाला नाही. मग २०१७-१८ मध्ये इंदुरास दिल्लीला हरवून विदर्भ प्रथमच विजेता ठरला, लगोलग २०१८-१९ मध्ये नागपुरास सौराष्ट्राला हरविले, आणि २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक आणला. त्या मोसमात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन रणजीचा नवा विक्रम केला. या संघाला कोणी मालक नाही. त्याला विकता येत नाही, दुसऱ्या गावी नेता येत नाही, तोट्यात गेला म्हणून मोडता येत नाही. साठ वर्षे हरत राहूनही तो जिवंत राहिला, म्हणूनच एकसष्टाव्या वर्षी जिंकू शकला. मालकाच्या संघाला एवढी पराभवाची मुदत कोणी दिली असती?

मात्र अर्धेच सांगणे बरे नव्हे. विदर्भ क्रिकेट संघटनेने जामठ्याचे मैदान बांधले, प्रबोधिनी चालविली, बाहेरून प्रशिक्षक आणले, त्यास पैसा लागला. आणि त्यातला मोठा भाग क्रिकेट मंडळाच्या अनुदानातून, म्हणजे शेवटी याच दूरचित्रवाणीच्या बाजारातून आला. तेव्हा नफा हा खेळाचा शत्रू आहे असे आम्ही म्हणणार नाही. पाटाचे पाणी वाईट नसते. ते कोणाच्या शेतात जाते आणि कोणाचे शेत कोरडे राहते, हा प्रश्न असतो. क्रिकेटच्या पाण्याचा काही अंश मंडळामार्फत विदर्भापर्यंत पोहोचला. इतर खेळांच्या वाट्यास तेवढेही येत नाही. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने २०२३ साली शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत धनुर्विद्येचे सुवर्णपदक मिळविले आणि त्याच वर्षी हांगझौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळे व अभिषेक वर्मा यांच्यासह सांघिक सुवर्ण आणले. हे यश कोणा संघमालकाच्या थैलीतून आलेले नाही.

जगात इतरांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. युरोपात तळाचे संघ खालच्या श्रेणीत जातात. तेथे हरणे मालकास महाग पडते. म्हणूनच २०२१ च्या एप्रिलमध्ये बारा बड्या क्लबांनी आपली वेगळी, बंद दाराची सुपर लीग काढण्याचा घाट घातला. इंग्लंडातील चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन-तीन दिवसांत तो बेत कोसळला. प्रकरण तेथेच संपले नाही. २०२५ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून फुटबॉलवर स्वतंत्र नियामक बसविला. क्लबाचे मैदान, चिन्ह, रंग यांसारख्या वारशात मालकाने मनमानी करू नये अशी तजवीज त्यात आहे. जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये निम्म्याहून अधिक मताधिकार सभासदांच्या हाती राहावा असा नियम १९९८ पासून आहे. अमेरिकेसारख्या भांडवलशाहीच्या माहेरघरी, सुमारे लाखभर वस्तीच्या ग्रीन बे गावचा फुटबॉल संघ १९२३ पासून नागरिकांच्या भागभांडवलावर चालतो. भाग घेणाऱ्यास लाभांश मिळत नाही, संघ गाव सोडून जात नाही, आणि त्याने राष्ट्रीय विजेतेपद तेरा वेळा जिंकले आहे. तेथल्या लीगने पुढे अशा मालकीस मनाई केली, यावरूनच धनिकांस या नमुन्याची किती भीती वाटते ते दिसते.

आमच्याकडे म्हणतात की, संघ ही खाजगी मालमत्ता आहे, सरकारने वा समाजाने त्यात नाक खुपसू नये. हा युक्तिवाद आम्हांस मान्य झाला असता, जर हे मालक समाजाकडून काहीच घेत नसते तर. शहराचे नाव ते घेतात. पोलिसांचा बंदोबस्त घेतला जातो, आणि त्याचा पुरता आकारही भरला जात नाही. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचे दर मोठ्या प्रमाणात कमी केले, तेही २०११ पासून मागे लागू करून. पुढे उच्च न्यायालयाने याबद्दल शासनास जाब विचारला. एकीकडे हजारो कोटींची उलाढाल आणि दुसरीकडे पोलिसांच्या पैशांत सूट! ज्या व्यवहारास सार्वजनिक तिजोरीचा टेकू लागतो त्याला सार्वजनिक अटी लावता येतात.

त्या अटी कोणत्या? आमच्या मते तीन पुरेशा आहेत. पहिली अट: शहराचे नाव घेणाऱ्या संघाने स्थलांतर किंवा विसर्जन करण्यापूर्वी निदान एक मोसम आधी जाहीर नोटीस द्यावी, आणि खेळाडू व नोकरवर्गाच्या वर्षभराच्या वेतनाची हमी मालकाकडून अगोदर घेतलेली असावी. दुसरी अट: मध्यवर्ती उत्पन्नाच्या वाटणीत क्रमांकाचे वजन वाढवावे, म्हणजे तळाशी लोळणाऱ्या संघाच्या मालकास त्याची झळ बसेल. तिसरी अट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. जागतिक फुटबॉल संघटनेचा नियम असा आहे की, खेळाडू एका क्लबाकडून दुसऱ्याकडे जाताना जी रक्कम दिली जाते तिचा ५ टक्के भाग, त्या खेळाडूस १२ ते २३ या वयात ज्या ज्या क्लबांनी घडविले त्यांच्यात वाटला जावा. आमच्या लिलावांस असाच नियम का लावू नये? खेळाडूच्या मिळकतीस हात न लावता, लिलावाच्या रकमेवर मालकाने ५ टक्के अधिक भरावेत, आणि ते खेळाडूच्या जिल्ह्याच्या मैदानाकडे जावेत.

हिशेब करून पाहा. २०२५ च्या मोसमासाठी दहा संघांस प्रत्येकी १२० कोटी खर्चण्याची मुभा होती. एकूण १,२०० कोटी. त्याचे ५ टक्के म्हणजे वर्षाला ६० कोटी. बंगळूरच्या विजयी संघात आमच्या अमरावतीचा जितेश शर्मा होता. त्यास ११ कोटी मिळाले. या नियमाने अमरावती जिल्ह्याकडे एका वर्षात ५५ लाख आले असते. मालकाच्या दृष्टीने ही रक्कम फुटकळ आहे. तालुक्याच्या ठिकाणी मैदान सपाट करून कुंपण घालावयास, पाण्याची सोय करावयास आणि एक शिक्षक नेमावयास मात्र ती थोडी नाही. कबड्डीच्या लिलावास हाच नियम लावला तर रक्कम लहान येईल, पण ती जेथे जाईल तेथली गरज त्याहूनही साधी आहे.

२०२५ साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. त्याचा रोख क्रीडासंघटनांच्या कारभारावर आहे आणि ते योग्यच आहे. पण संघटनांच्या निवडणुका शुद्ध झाल्या आणि लीगची बंद दारे तशीच राहिली तर निम्मे काम उरेल. महाराष्ट्रातील लोकप्रतिनिधी क्रीडासंघटनांच्या खुर्च्यांवर बसण्यास उत्सुक असतात. त्या खुर्च्यांवरून या तीन अटींचा आग्रह धरण्यास त्यांस कोणी अडविलेले नाही.

मालकास नफा प्रिय की विजय, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे: आजच्या नियमांनी त्यास दोहोंतून निवड करावीच लागत नाही. हरूनही त्याचे भागते आणि जिंकूनही तो विकून जाऊ शकतो. निवड करावयास भाग पाडणारे नियम ज्या दिवशी होतील त्या दिवशी मालकाचे मन आपोआप कळेल. तोवर पुण्याच्या चाहत्याने गेलेल्या संघाची पोशाखाची घडी कपाटात जपावी आणि जानेफळच्या पोराने मोबाइलच्या पडद्यावर दुसऱ्याचे मैदान पाहावे, हीच वाटणी चालू राहील. ती बदलण्याची मागणी मोठ्या शहरातील सुशिक्षितांनी केली पाहिजे, कारण संघाच्या नावापुढे नाव लागते ते त्यांच्या शहराचे, आणि त्या संघासाठी खेळाडू पिकतो तो बहुधा दुसऱ्याच्या शिवारात.